सहपत्र एक : शमादान

पितळेची वस्तू सरळ करायला फार अक्कल लागत नाही, असं माझं मत होतं. होतं म्हणतो, कारण त्या विषयावर मत बाळगण्याचा माझा अधिकार आता काढून घेण्यात आला आहे. घरी बायकोने तोंडी आणि कचेरीत मॅडमनी लेखी.

प्रकरण सासूबाईंच्या शमादानांचं. आमच्याकडे, म्हणजे ज्यू घरांत, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरची बाई दोन मेणबत्त्या लावते, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणते आणि शब्बाथ सुरू होतो. तिथून शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काडी ओढायची नाही, फोन करायचा नाही, लावलेले दिवे जागचे हलवायचे नाहीत आणि कसल्याही कामाला हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम कचेरीत कळल्यापासून तिथे मला सातही दिवस धर्मनिष्ठ समजतात. मेणबत्त्या ज्यात उभ्या करायच्या ती शमादानं. सासूबाईंची जोडी पितळेची, वीतभर उंच, लग्नापासूनची. त्यातल्या एकाची मान डावीकडे कललेली, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नसल्यासारखी.

जिने चढवेनात म्हणून सासूबाईंनी आपलं घर सोडलं आणि त्या आमच्याकडे आल्या. आमच्याकडे लिफ्ट आहे. ती चालते असं मी म्हटलेलं नाही. येताना त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या आणि शमादानं धाकट्या बॅगेत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. पाच शुक्रवार झाले तरी ती बॅगेतून बाहेर आली नव्हती. बायको तिच्या मेणबत्त्या लावायची आणि सासूबाई बाजूला हात जोडून उभ्या राहायच्या. मी पाहुणी आहे, पाहुण्याने घरच्या बाईच्या दिव्यांवर भागवायचं, असं त्या म्हणाल्या. असा नियम खरोखरच आहे. मी तो पाहून घेतला. नियम पाहून घेणं आणि मग काही न करणं हा माझा पेशाच आहे.

सहाव्या आठवड्यात, रविवारी, सासूबाईंनी जेवताना सहज सांगितलं की ज्येष्ठांसाठी जे निवासस्थान आहे तिथे त्यांनी खोली धरली आहे आणि पुढच्या रविवारी सकाळी नऊला गाडी येईल. वरण कसं झालंय हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात. बायको ताट घेऊन उठली. नंतर ती स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मला म्हणाली, "आई तिचे दिवे बाहेर काढत नाही ना, तोपर्यंत ती आपल्याकडे राहायला आलेलीच नाही. नुसती उतरलीय."

यावर कुठल्याही विचारी माणसाने जो निष्कर्ष काढला असता तो मी काढला. बाईमाणूस आहे, व्यवस्थित आहे, टॉवेलाच्या घड्यासुद्धा कडेला कड लावून घालते. लेकीच्या घरात, चार माणसांत वाकडं शमादान काढायला लाजत असणार. ते सरळ झालं की बाहेर येईल. बाहेर आलं की सासूबाई राहतील. सासूबाई राहिल्या की बायको धुतलेली भांडी धुणार नाही. एका पितळी दांड्यात सगळ्या संसाराची गुरुकिल्ली मला सापडली होती आणि माझ्या आधी ती कुणाला सापडली नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मी बॅग उघडली, वाकडं शमादान घेतलं, त्याची मान दाराच्या बिजागरीच्या फटीत अडकवली आणि हलकेच ओढलं. काही झालं नाही. मग जरा कमी हलकेच ओढलं. मग पाय भिंतीला लावून ओढलं. त्यानंतर मी जमिनीवर बसलेलो होतो, माझ्या हातात शमादानाची बैठक होती आणि बाकीचं शमादान दारात होतं. मोडलं नव्हतं, हे मी मुद्दाम नमूद करतो. बैठकीतून निसटलं होतं. आतले आटे झिजले होते, आणि ते काही माझ्या एकट्याच्या कारकिर्दीत झिजलेले नाहीत.

धडपडीचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे पूलसाहेब वर आले. हे निवृत्त अभियंते. नोकरीत असताना त्यांनी तीन पूल बांधले, आणि चौथ्याबद्दल आम्ही कुणी विचारत नाही. त्यांनी खिशातून दोरी काढली, तिला माझी किल्ली बांधली आणि ओळंबा धरून शमादानाचा कल मोजला. मग मेणबत्तीचं वजन किती, ती जळत जाताना भार कसा कमी होतो, वारा कुठल्या दिशेने येतो, असं बरंच विचारलं. शेवटी त्यांनी निदान केलं की पाया चुकला आहे. इतकी वर्षं उभं राहिलेल्या वस्तूचा पाया चुकलेला असतो आणि मी ओढल्यावर जी पडली तिचा अभ्यास करायला हवा, हे तज्ज्ञांचं मत मी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना ते माझी किल्ली घेऊन गेले.

मंगळवारी मी भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने शमादान उलटंपालटं करून पाहिलं आणि पंधरा दिवसांनी या म्हणाला. मी शुक्रवार म्हणालो. तो म्हणाला, पुढच्या महिन्यातला शुक्रवार चालेल. मी माझी अडचण सविस्तर सांगितली, सासूबाई, बॅग, गाडी, सगळं. त्याला ती पटली. त्याने थोडा विचार करून असंही सुचवलं की दुसरं शमादान आणा, तेही तेवढंच वाकवून देतो, म्हणजे जोडी जमेल आणि कुणाला काही कळणार नाही. हा उपाय मी नाकारला. आज वाटतं, त्या आठवड्यात मला मिळालेला सर्वांत शहाणपणाचा सल्ला तोच होता.

मग गोंद. दोन नळ्यांतून समान घ्यायचा, कालवायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही असा जालीम गोंद मिळतो. घरी चोवीस तास कुठल्याही वस्तूला हात न लागणं अशक्य. माझ्या कचेरीत मात्र वस्तूंना वर्षानुवर्षं हात लागत नाही. मी पाणीपुरवठ्याच्या मीटर तक्रार विभागात आहे. बुधवारी डब्याच्या पिशवीतून शमादान नेलं, जेवणाच्या सुट्टीत गोंद कालवला, आट्यांत भरला, दांडा बसवला आणि दोन बाजूंनी दोन स्टेपलर टेकवून शमादान कपाटामागे सपाट जागा पाहून उभं केलं. सपाट जागा म्हणजे एक फाइल होती. नळ बंद असतानाही मीटर फिरतो अशी एका गृहस्थांची तक्रार, अकरा वर्षं प्रलंबित. तिच्याइतकी निश्चल वस्तू आमच्या विभागात दुसरी नव्हती.

गोंदाबद्दल पाकिटावर बरंच लिहिलं होतं, पण बैठक आतून पोकळ असली तर तो खालून बाहेर येतो हे लिहिलं नव्हतं. गुरुवारी सकाळी शमादान पक्कं बसलेलं होतं. दांडा बैठकीला, बैठक फाइलला. शिवाय बुधवारी दुपारी कुणीतरी उजवीकडचा स्टेपलर वापरायला नेला होता, त्यामुळे पूर्वी डावीकडे कललेलं शमादान आता उजवीकडे कललं होतं, पहिल्यापेक्षा बोटभर जास्त. मी चाकू, फूटपट्टी आणि गरम चहा असे तीन उपाय केले. चहा माझ्या शर्टावर गेला.

त्या संध्याकाळी बायकोने बॅग उचलली, ती हलकी लागली, आणि मग मला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "रविवारी तिथे जाऊन ती बॅग उघडेल. एकच निघेल त्यातून. अहो, तिला काय वाटेल, आपण ठेवून घेतलं?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी झोपेच्या बाबतीत कचेरीतसुद्धा कमी पडणारा माणूस नाही, यावरून परिस्थिती समजावी.

शुक्रवारी सूर्यास्त सहा चोवीसचा होता. मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी लावायच्या, म्हणजे सहा वाजून सहा मिनिटांनी. ही अठरा मिनिटं आमच्या पूर्वजांनी राखून ठेवली आहेत, आणि त्यांच्यात एखादा तरी कारकून असणार याबद्दल मला शंका नाही. फाइलीचं वरचं पान कापून शमादान चारपर्यंत सोडवायचं, पाचला सुटायचं आणि साडेपाचला बॅगेत गुपचूप ठेवून द्यायचं, असा माझा बेत होता. सकाळी अकरा वाजता मॅडमनी ती फाइल मागवली.

अकरा वर्षं ज्या फाइलीकडे कुणी पाहिलं नाही तिची चौकशी त्याच दिवशी वरून आली होती. मी फाइल घेऊन गेलो. ती दोन्ही हातांनी, आडवी धरून न्यावी लागली. सगळा विभाग माना वर करून बघत होता. मिरवणुकीचा मान मला नोकरीत प्रथमच मिळत होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"शमादान."

"फाइलवर का आहे?"

"चिकटलंय."

"कुणाच्या परवानगीने?"

चिकटण्याला परवानगी लागते हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. मी पान कापण्याचा विषय काढला. त्या पानावर सात अधिकाऱ्यांचे शेरे होते. सातही जणांनी 'चर्चा करावी' एवढंच लिहिलं होतं, पण सही ती सही. ते पान फाडलं तर माझी चौकशी, नाही फाडलं तर शमादान कचेरीच्या मालकीचं, कारण फाइलीला जे जोडलेलं असतं ते फाइलीचं. मंगळवारी समिती बसेल आणि वस्तू विलग करण्याबाबत निर्णय घेईल, असं मॅडम म्हणाल्या. मी मंगळवारी माझ्या सासूबाई नसतील असं म्हणालो. त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं. मग तो गैरसमज दूर करण्यात अर्धा तास गेला, आणि त्यांना वाटलेलं दुःख त्यांनी परत घेतलं ते जरा रागानेच.

मला वाचवलं ते रेकॉर्डवाल्या बाईंनी. या बाई तळघरात बसतात आणि दिवसभर जुन्या नोंदी वाचतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "वस्तू घरी न्यायची आहे ना? मग वस्तू कशाला मागता? फाइल मागा." तातडीचं काम असेल तर कर्मचाऱ्याला फाइल शनिवार-रविवार घरी नेता येते, असा नियम निघाला. आणि फाइलीला जे जोडलेलं असतं ते फाइलीबरोबर जातं. मी अर्ज केला. तातडीच्या कामासाठी फाइल घरी मागणारा आमच्या विभागातला मी पहिलाच, त्यामुळे अर्जाचा नमुना शोधण्यात तीन वाजले. मॅडमनी सही केली, पण खाली लाल शाईने लिहिलं की कर्मचाऱ्याने यापुढे धातूकाम करू नये. नोंदवहीत बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं: फाइल एक, सहपत्र एक.

साडेपाचला फाटकावरच्या पहारेकऱ्याने नोंद वाचली, शमादानाकडे पाहिलं आणि सहपत्र कुठाय असं विचारलं. मी दाखवलं. सहपत्र कागदाचं असतं, असं तो म्हणाला, आणि तो म्हणत होता ते बरोबरच होतं. नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी नियम समजून घेऊन काम करत होतं आणि नेमकं ते माझ्यावरच करत होतं. मी त्याच्या हातापाया पडायचा बाकी राहिलो. शेवटी बाई तळघरातून जुनी नोंदवही घेऊन वर आल्या आणि पूर्वी एका तक्रारीला अख्खा मीटर सहपत्र म्हणून जोडल्याचा दाखला त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवला. तेव्हा पाच पन्नास झाले होते.

बसमध्ये मी फाइल डोक्यावर धरून उभा होतो. शेजारच्या आजोबांनी हे बक्षीस कशाबद्दल मिळालं असं विचारलं. मी दीर्घ सेवेबद्दल म्हणालो. लिफ्ट अर्थातच बंद होती. चार जिने चढून मी दारात पोचलो तेव्हा सहा वाजून तेरा मिनिटं झाली होती. बायकोच्या मेणबत्त्या आत टेबलावर लागल्या होत्या, म्हणजे तिचा शब्बाथ सुरू झाला होता आणि आता ती मला कसलीही मदत करू शकत नव्हती. दार सासूबाईंनी उघडलं.

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. जिन्यात दोन खोट्या गोष्टी तयारही केल्या होत्या. पण धापा टाकत असताना माणसाला फक्त खरंच बोलता येतं. त्या शमादानाकडे बघत होत्या. "माझं आहे ना हे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. सरळ करायला घेतलं होतं म्हणालो.

"कशाला?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

सासूबाईंना काही बोध झाला नाही. मी सगळं सांगितलं. वाकडं आहे म्हणून त्या काढायला लाजतात, सरळ झालं तर काढतील, काढलं तर राहतील. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. बिजागरीपाशी जे इतकं तर्कशुद्ध वाटलं होतं ते चपलांच्या कपाटापाशी उभं राहून सांगताना फारसं टिकत नव्हतं.

सासूबाई हसायला लागल्या. या घरात त्या हसल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो. भिंतीला हात टेकून हसल्या, पदराने डोळे पुसले, उजवीकडे कललेल्या शमादानाकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या.

"जावईबापू, बेचाळीस वर्षं वाकड्यावरच लावले मी."

"मग इथे का नाही काढलं?"

त्या हसायच्या थांबल्या. बायको आतून दारापाशी येऊन उभी राहिली होती.

"मला कुणी म्हणालं का, काढा म्हणून? आल्या दिवसापासून तुमचं आपलं एकच. आई, आराम करा. आई, बसून राहा. ओट्यापाशी आले की म्हणे तुम्ही कशाला आलात. आराम पाहुण्याने करायचा असतो. मी म्हटलं, बरं बाई, पाहुणी तर पाहुणी."

बायकोने तोंडावर हात धरला. पाच आठवडे आम्ही दोघांनी या बाईला इतक्या प्रेमाने आणि इतक्या चिकाटीने आराम करायला लावलं होतं की तिला घरातून घालवायचीच वेळ आणली होती. आम्ही तिच्या बॅगेकडे बघत बसलो आणि ती आमच्या तोंडाकडे. त्या वेळी मला जी लाज वाटली तिच्यापुढे कचेरीतली मिरवणूक काहीच नव्हती.

सहा सतरा झाले होते, सूर्यास्ताला सात मिनिटं होती, आणि ज्याने दिवे लावले नाहीत त्याचा शब्बाथ तोवर सुरू होत नाही. मी म्हणालो, "काढा ना, आई. आत्ता काढा."

या बाईंना जिने चढवत नाहीत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्या खोलीत गेल्या आणि टॉवेल सोडत सोडतच दुसरं शमादान घेऊन आल्या, त्या वेगाने मी बससाठीसुद्धा धावलेलो नाही. टेबलावर जागा नव्हती आणि ती करायला वेळ नव्हता. त्यांनी चपलांच्या कपाटावर सरळ शमादान ठेवलं, त्याच्या शेजारी मी फाइल ठेवली. मेणबत्त्या मी शोधल्या, काडेपेटी शोधली, आणि ती सापडेपर्यंत सहा वाजून एकवीस मिनिटं झाली. त्यांनी दोन्ही मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वाद म्हटला. बेचाळीस वर्षांचा सराव, तरी मध्ये एकदा थांबल्या. मग हात खाली घेऊन त्यांनी कपाटावरच्या त्या देखाव्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या की चपलांवर दिवे बरे दिसत नाहीत, पुढच्या शुक्रवारी खिडकीपाशी जागा करून ठेव. उद्या तारे दिसले की त्या लोकांना फोन कर, खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.

लावलेले दिवे हलवायचे नाहीत. त्यामुळे आमच्याकडे ज्यांना म्हणून आत यायचं होतं ते त्या रात्री आणि शनिवारी दिवसभर चपला कपाटात न ठेवता दाराबाहेरच काढून, अनवाणी, फाइलीला वळसा घालून आले. पूलसाहेब किल्ली परत द्यायला आले होते. त्यांनी उजवीकडचा कल पाहिला आणि पाया आता सुधारला आहे असं सांगितलं. तक्रारदार गृहस्थांच्या अर्जावर मेणाचे नऊ थेंब पडले आहेत. त्याबद्दलचा खुलासा मी सध्या लिहीत आहे, आणि रेकॉर्डवाल्या बाई पूर्वीचा दाखला शोधत आहेत.

शनिवारी साडेपाचपासून मी बाल्कनीत तारे शोधत उभा होतो. गाडी सकाळी नऊला येणार होती आणि त्या निवासस्थानाचा फोन आठनंतर कुणी उचलत नाही असं बायकोला कळलं होतं. ती नंबर पुटपुटत आतबाहेर करत होती. पहिला तारा लवकर दिसला. पूलसाहेबांनी खालच्या बाल्कनीतून कळवलं की तो ग्रह आहे, मोजू नये. मग दोन खरे दिसले. मग ढग आला. सात वीस झाले, सात चाळीस झाले, ढग काही हलेना. मी आत गेलो आणि सासूबाईंना म्हणालो की तिसरा दिसत नाहीये, आता कसं करायचं.

त्या बायकोच्या खुर्चीत बायकोच्याच उशीला टेकून बसल्या होत्या, पाय वर घेऊन.

"दिसेल तेव्हा दिसेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एवढी कसली घाई? मी कुठे चाललेय?"